आत्याबाईची टायरची चप्पल

सोयाबीन सोंगायला आलं की मला चप्पल आठवते. दुसऱ्यांना दसरा आठवत असेल, भाव आठवत असेल, मजूर मिळतील का याची काळजी लागत असेल. मला एक टायरची चप्पल दिसते. जाड पट्ट्यांची, मोळे ठोकलेली, उजव्या पायाची टाच एका बाजूनं झिजलेली. शेलूबाजारला बाजाराच्या दिवशी एक म्हातारा बसायचा, तो ट्रकच्या टायरमधून तशा चपला कापून द्यायचा. ती चप्पल माझ्या सासूची. आम्ही तिला आत्याबाई म्हणायचो.

यंदाही पानं गळाली, शेंगा तांबूस झाल्या. सकाळी दव आहे तोवर वावर गप्प असतं. ऊन चढलं की वाळलेल्या शेंगा तडकायला लागतात. टक. टक. थोडं थांबून पुन्हा टक. मला ते घरातून ऐकू येतं, कारण आमचं घर वस्तीतलं शेवटचं. समोर विहार आहे, विहारापुढं हापशी आणि मागं वावरं. हवेत कुटाराची, भुशाची धूळ असते, मान खाजवते, नाक चुरचुरतं. मी ओट्यावर बसलेली असते. दुसरं काही काम मला नाही.

सून चांगली आहे माझी. वर्षा नाव. मी उठायच्या आत तिचं अंगण झाडून होतं, पाणी भरून होतं. मी खराटा हातात घेतला की ती आतून धावत यायची, जशी काही मी कोणाला मारायलाच निघाले. "आई, ठेवा तो. तुमी बसा. लोक काय म्हनतीन मले?"

लोक काय म्हनतीन मले. हेच वाक्य मी एकदा म्हटलं होतं. शब्द तेच, ओटाही हाच.

मागच्या महिन्यात एक पोरगी आली होती, खांद्याला पिशवी, हातात कागद. कॉलेजातून आले म्हणाली. गावातल्या साठीच्या पुढच्या बायांची दिवसभरात किती हालचाल होते ते तिला लिहून न्यायचं होतं. पोरगी गोड होती. चपला काढून ओट्यावर मांडी घालून बसली.

"आजी, व्यायाम करता का?"

"तो काय असते?"

"म्हणजे चालणं, वाकणं, उठबस."

"पन्नास वर्षं तेच केलं माय. तवा कोणी कागद घेऊन आलं नाही."

ती हसली. मग विचारलं, "दम लागेल असं काम आठवड्यातून किती वेळा करता?"

"सुनेसंग भांडलो का लागते दम."

वर्षा आतून ओरडली, "लिहा ताई, लिहा! रोज लागते म्हना!"

तिघी हसलो. पुढं तिनं विचारलं, दिवसातून किती वेळ बसून असता. मी म्हटलं, तुले दिसतेच. मग विचारलं, तुम्हाला चालायला-फिरायला, काम करायला घरात कोणी मनाई करतं का. वर्षा दारात येऊन उभी राहिली होती. मी म्हटलं, "मले नाही करत कोणी." पोरीनं खूण केली आणि पान उलटलं. माझ्या तोंडात उत्तराचा उरलेला अर्धा भाग तसाच राहिला. तुम्हाला कोणी अडवलं का, याचा रकाना त्या कागदात होता. तुम्ही कोणाला अडवलं, याचा नव्हता.

जाता जाता पोरगी चपला घालत म्हणाली, "आजी, अगदी बसून राहू नका हं. या वयात पायातलं बळ बसून बसून लवकर जातं. एकदा गेलं की परत आणणं अवघड असतं." ती सहज बोलली. तिला दुसऱ्या घरी जायचं होतं.

आत्याबाई कधी बसलेली मी पाहिलीच नव्हती. मी लग्न होऊन आले तेव्हापासून तिचा दिवस अंधारात सुरू व्हायचा. झाडणं, शेण काढणं, विहिरीचं पाणी, मग वावर. अंगावर मांस नव्हतं. लुगडं नेसली की काठीला गुंडाळल्यासारखं दिसायचं. पण डोक्यावर कडब्याची पेंढी घेऊन ती माझ्या पुढं चालायची आणि मागं वळून म्हणायची, "येतं का, का तिथीच राह्यतं?" तिला कामाची हौस होती असं मी म्हणणार नाही. हौस वगैरे आमच्याकडं नव्हती. काम होतं आणि अंगाला त्याची सवय होती, एवढंच.

म्हातारपणी खुरपणं, सोंगणं तिच्यानं होईना. तेव्हा तिनं सरवा धरला. सोयाबीन सोंगून, मळणीयंत्रातून काढून नेलं की वावरात शेंगा पडलेल्या असतात, दाणे सांडलेले असतात. मालक ते उचलत नाही. ते वेचायला म्हाताऱ्या बाया जातात. त्याला सरवा म्हणतात. तिच्या जोडीच्या तिघीचौघी होत्या. सकाळी ओट्यापुढून हाक यायची, "सुभद्रे, येतं का वो?" की ही टायरची चप्पल पायात घालून निघाली. ती चप्पल सरव्याला लागतेच. सोयाबीन विळ्यानं तिरपं कापतात, भुईत बोटभर खुंट राहतो. त्याला आम्ही धसकट म्हणतो. वाळलं की तो खिळा होतो. साध्या रबरी सपातेतून तो आरपार जातो. टायरला काही होत नाही.

दिवसभर त्या म्हाताऱ्या वाकायच्या, उभ्या राहायच्या, दोन पावलं पुढं जायच्या, पुन्हा वाकायच्या. बोलणं चालूच. कोणाच्या सुनेनं काय केलं, कोणाची गाय व्याली. दुपारी बोरीखाली बसून भाकर खायच्या. आत्याबाई संध्याकाळी यायची ती ओच्यात चार मुठी दाणे घेऊन. ते मडक्यात साठवायची, मग दुकानदाराला देऊन गूळ घ्यायची. तो गूळ पौर्णिमेला विहारात खिरीला जायचा. दर वर्षी कोजागिरीची खीर तिच्या गुळाची असायची. कोणी म्हणत नव्हतं, पण ती पातेल्याशी बसून वाढायची तेव्हा तिच्या तोंडावर ते दिसायचं.

माझा नवरा शाळेत मास्तर होता. चार एकर वावर आम्ही घेतलं होतं. एक दिवस चक्कीवर दळण घेऊन गेले तर शेजारची शेवंता सगळ्यांपुढं म्हणाली, "काय वो मास्तरीनबाई, मास्तरले पगार पुरत नाही वाटते? माय तं पाटलाच्या वावरात सरवा येचून राह्यली."

बाया हसल्या. चक्कीच्या आवाजातही मला ते हसू ऐकू आलं.

मला लाज वाटली. आमच्या मागच्यांनी त्याच पाटलाच्या वावरात वाकून दिवस काढले. माझा सासरा म्हणायचा, आता दुसऱ्याचं भुईवर पडलेलं उचलायचं नाही. त्याच्याच पोरानं शाळा शिकून खुर्ची मिळवली आणि त्याचीच आई परत त्या वावरात वाकलेली. ती लाज मला आजही खोटी वाटत नाही. चूक त्यात नव्हती. चूक पुढं झाली.

घरी येऊन मी सांगितलं, "आत्याबाई, उद्यापासून सरव्याले जाऊ नका."

"काहून?"

"लोक काय म्हनतीन मले?"

"मले तं काही म्हनत नाहीत लोक. मी कोणाच्या दारात मागाले जातो का? भुईवरचं येचतो. घरात बसून काय करू? भिताडं मोजू?"

मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, बरोबर आहे तुझं, मायला आता बसवून खाऊ घालायचं. पण आईला सांगायची त्याची छाती नव्हती. दुसऱ्या दिवशी पहाटे ती चुलीपाशी पाणी तापवत होती. मी तिची चप्पल उचलली, युरियाच्या रिकाम्या थैलीत गुंडाळली आणि ज्वारीच्या कोठीमागं कोंबली. पंधरा दिवसांनी हंगाम संपला की काढून देऊ, असं मनाशी ठरवलं होतं.

तिनं ओट्याखाली पाहिलं. न्हाणीपाशी पाहिलं. गोठ्यात जाऊन आली. बाहेर हाक आली तसं तिनं ओरडून सांगितलं, "थांबा वो, चप्पल पायतो!" मग माझ्याजवळ आली. "सूनबाई, माही चप्पल पाह्यली का वो?"

मी भाकर थापत होते. मान वर केली नाही. "तुमीच ठेवली असन कुठी. आजकाल तुमच्या ध्यानात राह्यते का काही?"

चप्पल लपवायचं मी आधी ठरवलं होतं. हे वाक्य ठरवलं नव्हतं. ते तोंडातून निघून गेलं. आणि ते चपलेपेक्षा जास्त कामाचं निघालं.

"असन बापा," म्हणाली आणि बाहेर जाऊन ओट्यावर बसली.

त्या दिवसापर्यंत ती काही विसरत नव्हती. कोणत्या सालात कोणती गाय किती दूध द्यायची ते तिला पाठ होतं. त्यानंतर ती विचारायला लागली. "दार लावलं का वो मी?" "भाजीत मीठ टाकलं का मी?" "माह्यं जेवण झालं?" पदराला गाठ मारायची, म्हणजे काही तरी आठवायचं आहे हे लक्षात राहावं. मग गाठ कशाची ते विचारायची. मला सांगता येत होतं की आत्याबाई, तुमचं डोकं शाबूत आहे, चप्पल मी लपवली. एका वाक्याचं काम होतं. मी केलं नाही. आज नको, उद्या पाहू, असं करत राहिले.

सोबतिणी दोन-तीन दिवस हाक मारत राहिल्या. एकजण ओट्यापाशी येऊन म्हणाली, "माह्या घरी जुनी हाये सुभद्रे, देतो तुले."

"नको माय," आत्याबाई म्हणाली. "तेबी हरपीन मी."

मी दाराआड उभी होते.

बाजाराच्या दिवशी मी तिला नव्या सपाता आणल्या, मऊ, निळ्या पट्ट्याच्या. वस्तीत माझं नाव झालं. सासूचं किती करते पाहा. त्या सपाता घालून ती एकदा विहारामागच्या बांधापर्यंत गेली, वावरात उतरली आणि लंगडत परत आली. धसकट सपातेतून आरपार जाऊन टाचेत घुसलं होतं. मी पाय मांडीवर घेतला, काटा काढतात तसं ते काढलं, हळद भरली, चिंधी बांधली. ती माझ्या डोक्यावरून हात फिरवत होती. खरं लिहायचं तर तेव्हा माझ्या मनात आलं, बरं झालं. आता आपोआप बसेल.

ती बसली. सकाळी ओट्याच्या कडेला पाय लोंबते सोडून बसायची, ते संध्याकाळपर्यंत. येणारा-जाणारा म्हणायचा, मास्तरच्या मायचं नशीब पाहा, राणीसारखी बसली आहे. मलाही ते ऐकून बरं वाटायचं. कोजागिरी आली. गूळ मी घरातून दिला, तिच्या दर वर्षीच्या गुळाहून जास्त. विहारात खीर झाली. तिला आम्ही खुर्चीवर बसवलं. तिनं वाटी तोंडाला लावली आणि मला विचारलं, "हा गूळ कोणाचा वो?"

"आपलाच, आत्याबाई."

तिनं वाटी संपवली. दुसऱ्यांदा पुढं केली नाही.

हंगाम संपला. हरभरा पेरून झाला. पंधरा दिवस कधीच होऊन गेले होते आणि चप्पल कोठीमागंच होती. आता काढली तर काय सांगायचं, हे मला सुचत नव्हतं. तूर घरात आली तेव्हा कोठी सरकवावी लागली. म्हणून चप्पल निघाली. नाही तर निघालीही नसती. मी ओट्यावर नेऊन तिच्यापुढं ठेवली.

"सापडली वो आत्याबाई. कोठीमागं होती."

तिनं चप्पल हातात घेतली, उलटी केली. टायरच्या खाचांत युरियाचे पांढरे दाणे अडकले होते. युरियाच्या थैल्यांना ती कधी हात लावत नसे, तिच्या बोटांना त्याची आग व्हायची. दोन दाणे तिनं नखानं काढले, तळहातावर घेऊन पाहिले आणि ओट्याखाली टाकून दिले. मग म्हणाली, "मीच ठेवली असन."

आणि पायात घालायला गेली. पाय लोंबते ठेवून ठेवून सुजले होते. पट्टा अर्ध्यावर अडला. मी खाली बसून ओढून पाहिला. गेला नाही. चार महिन्यांपूर्वी ज्या पायाला तो पट्टा सैल होत होता, त्याच पायाला. तिनं चप्पल भिंतीला नीट उभी करून ठेवली आणि म्हणाली, "राहू दे सूनबाई. कुठी जाचं हाये आता?"

उन्हाळ्यात ती भिंत धरून न्हाणीपर्यंत जायची. पावसाळ्यात खाटेवरून उठायला दोन माणसं लागली. पुढचं सोयाबीन तिनं पाहिलं नाही. धुवायला तिचं लुगडं घेतलं तेव्हा पदराला तीन गाठी होत्या.

चप्पल लपवली म्हणून ती गेली असं मी म्हणत नाही. वय झालं होतं. डॉक्टरही वयच म्हणाला. मास्तरही तेच समजून गेला, त्याला मी कधी सांगितलं नाही. पण मला चौथीपर्यंतच्या शाळेनं एवढं शिकवलं आहे की आधी काय होतं आणि नंतर काय झालं ते पाहावं. आधी ती चालत होती. नंतर बसली. मधे दुसरं काही घडलं नव्हतं, माझा हात सोडून. ते दाणे पाहून तिला कळलं होतं की नाही, हे मला अजून कळलेलं नाही. कळलं असेल तर तिनं माझं केलेलं स्वतःवर घेतलं. कळलं नसेल तर आपलं डोकं गेलं असं समजूनच ती मेली. दोन्हीतलं कोणतं बरं, ते या वयातही मला ठरवता येत नाही.

ती पोरगी कागद घेऊन गेली, त्यानंतर मी ओट्यावरून उठायला लागले. वर्षाचं लक्ष नसलं की विहारापर्यंत जाते, वळसा घालून येते. गुडघे बोलतात. बोलू द्यावे.

आठवड्यापूर्वी एका सकाळी निघाले तर पायरीवर चप्पल नव्हती. ओट्याखाली पाहिलं. न्हाणीपाशी पाहिलं. गोठा आता नाही, तिथं मोटारसायकल असते, तिच्यामागं पाहिलं.

"वर्षा! माही चप्पल कुठी लपवली तू?"

ती कणकेचे हात घेऊन बाहेर आली. "लपवली?" तिला राग आला नाही, तिला समजलंच नाही. "चप्पल कोणी कायले लपवन, आई?"

ती तशाच हातांनी इकडंतिकडं पाहून आली, मग रस्ता ओलांडून हापशीवर गेली आणि चप्पल घेऊन आली. आदल्या दिवशी मी तिथं पाय धुतले होते आणि अनवाणीच घरी आले होते. विसरले होते. ती म्हणाली, "मीच तुमाले चहाले घाईनं आवाज देला काल. म्हून राह्यली तिथी." आणि चप्पल माझ्या पायापुढं ठेवली.

तिनं आवाज दिला नव्हता. माझी चूक दुसऱ्या कोणी स्वतःवर घेणं मला दुसऱ्यांदा सहन झालं नाही. ओट्यावर बसले आणि सगळं सांगितलं. युरियाची थैली, कोठी, भाकर थापताना म्हटलेलं वाक्य, सपाता, दाणे. ती उभ्याउभ्या ऐकत होती. बोटांवरची कणीक वाळून पांढरी झाली.

"मंग तुमी त्याईले कधी सांगतलंच नाही?"

"नाही."

"मामाजीलेबी नाही?"

"नाही."

आत कुकरची शिट्टी झाली. ती दाराकडं वळली. मग म्हणाली, "आजीबाईनं, तुमच्या आत्याबाईनं, मले आहेर म्हून गोधडी शिवून ठेवली होती म्हनता ना तुमी, मी सून म्हून आली नोहती तवाच. मी त्याईले पाह्यलंबी नाही." आणि आत गेली.

मला वाटलं होतं, जाऊ द्या आई, म्हणेल. तिनं म्हटलं नाही. चहा वेळेवर येतो, भाकर गरम येते. पण आता ती मला बसा म्हणत नाही. मी चप्पल घालून निघाले तर नुसती पाहते. वावरात हार्वेस्टर फिरून गेलं आहे, दाणे सांडले आहेत, सरव्याला कोणी जात नाही. मी बांधापर्यंत जाऊन येते.

आणि एक झालं आहे. अंगण झाडताना ती आधी माझी चप्पल उचलून बाजूला ठेवायची. आता उचलत नाही. हात लावत नाही. तिच्या भोवतीनं खराटा फिरवते. सगळं अंगण स्वच्छ होतं आणि चपलेखाली चपलेएवढा कचरा राहतो. ती आत गेली की मी चप्पल उचलते, वाकते आणि तेवढा झाडून काढते.